बीजभाषणासाठी तिसऱ्या वर्षाचा माणूस शोधा

प्रति,
शिक्षणातील मुक्त तंत्रज्ञानावर महाराष्ट्रात परिषदा आणि चर्चासत्रं भरवणाऱ्या संयोजन समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. संगणक कक्षाची चावीही गेली अकरा वर्षं माझ्याकडेच आहे. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका समितीकडून एक नमुना आला. येत्या परिषदेच्या बीजभाषणासाठी नाव सुचवा, असं त्यात म्हटलं होतं. रकाने होते नाव, पद, संस्था, शैक्षणिक पात्रता, मिळालेले पुरस्कार, परदेश दौरे आणि यापूर्वी दिलेली बीजभाषणं. दोन संध्याकाळी मी तो कागद समोर घेऊन बसले. माझ्या मनात जी माणसं होती, त्यांच्याबद्दल नावापलीकडे एकाही रकान्यात काही लिहिता येईना. शेवटी नमुना कोराच ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

माझं म्हणणं एकच आहे. ज्या माणसाने एखादं मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, साधन शाळेत आणलं आणि तिसऱ्या वर्षीही ते चालू ठेवलं, त्या माणसाला बीजभाषणाला बोलवा.

तिसरं वर्ष का, ते सांगते. पहिल्या वर्षी फीत कापली जाते, पेपरात फोटो येतो, गटशिक्षणाधिकारी भेट देऊन जातात. दुसऱ्या वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्या बसतात, पण उत्साह शिल्लक असतो. तिसऱ्या वर्षी वॉरंटी संपलेली असते, ज्यांनी हे सगळं आणलं त्या मुख्याध्यापक निवृत्त झालेल्या असतात, वीजबिल थकलेलं असतं, आणि तरीही सोमवारी तिसऱ्या तासाला मुलं कक्षाच्या दारात चपला काढून उभी असतात. केंद्राच्या आयसीटी योजनेतून आपल्याकडे कितीतरी शाळांना संगणक कक्ष मिळाले, सोबत कंत्राटी संगणक शिक्षक मिळाले. कंत्राट पाच वर्षांचं होतं. मुदत संपली तसे शिक्षक घरी गेले, यंत्रं तिथंच राहिली. त्या यंत्रांचं पुढे काय झालं, हे सांगणारं बीजभाषण मी आजवर ऐकलेलं नाही.

आता एक प्रसंग सांगते, कारण माझं मत त्यातूनच बनलंय. कोरोनानंतर पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला पुन्हा भरले. त्याच आठवड्यात मला आठवीला रक्ताभिसरण घ्यायचं होतं. आमच्याकडे ई-लर्निंगचा संच होता, सात वर्षांपूर्वी गावाने लोकवर्गणी काढून घेतलेला. कुणी पाचशे दिले होते, कुणी सोयाबीनच्या पट्टीतून हजार. त्यातला हृदयाचा पाठ मला सगळ्यात जास्त आवडायचा. हृदय आकुंचन पावलं की तांबडं रक्त महाधमनीत शिरायचं, आणि मुलं न सांगता स्वतःच्या छातीवर हात ठेवायची. मी प्रोजेक्टर लावला, पाठावर क्लिक केलं. पडद्यावर एक राखाडी चौकोन आला, बाकी काही नाही. संगणक बंद करून चालू केला. पुन्हा तोच चौकोन. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, रिचार्ज संपला का त्याचा?"

तो संच फ्लॅश नावाच्या तंत्रावर बांधलेला होता. त्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला होता, आणि १२ जानेवारीपासून फ्लॅश प्लेअर पाठ उघडायलाच नकार देत होता. शाळा बंद असताना हे सगळं होऊन गेलं आणि आम्हाला पत्ता नव्हता. संच देणाऱ्या विक्रेत्याचा फोन लागेना. पाठ आमच्याच संगणकात, पैसे आमच्याच गावाचे, आणि ते उघडण्याचा अधिकार मात्र आमच्याकडे नाही. त्या दिवशी मी फळ्यावर हृदय काढलं, तांबड्या आणि निळ्या खडूने. मुलांनी ते वहीत उतरवलंही. पण मला घरी जाऊन झोप लागली नाही, कारण ज्यांनी वर्गणी दिली ती माणसं रोज शाळेसमोरून शेतात जातात.

पुढे नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवर रफल नावाचं साधन आणून दिलं. जुन्या फ्लॅश फायली उघडण्यासाठी जगभरच्या स्वयंसेवकांनी ते लिहिलंय, आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या सूचनांनी बनलंय ते मूळ लिखाण, कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. काही पाठ उघडले, काही अर्ध्यावर थांबले. हृदय उघडलं. फुप्फुसं अजून उघडत नाहीत.

तोपर्यंत ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच मी धरून चालले होते. ज्या परिषदांना मी गेले, तिथंही बहुतेक वक्त्यांनी परवान्याचे किती पैसे वाचतात याचाच हिशेब मांडला होता. तो हिशेब खोटा नाही, पण फुकट तर बंद सॉफ्टवेअरही मिळतं. गूगल शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवण फुकट देत होतं. २०२१ मध्ये त्यावर मर्यादा जाहीर झाली. देणाऱ्याने हात आखडता घेतला की घेणाऱ्याला काही बोलता येत नाही. मुक्त तंत्रज्ञानात वस्तू तुमच्या हातात राहते, बनवणारा निघून गेला तरी दुसऱ्या कुणाला ती उघडून दुरुस्त करता येते. ज्याने राखाडी चौकोन पाहिलाय, त्याच्या तोंडून हे ऐकलं तर सभागृहातल्या शिक्षकांना ते एका वाक्यात कळेल.

मोठ्या व्यासपीठांवरून काय झालं, तेही आठवून पाहा. २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांच्यासोबत त्याचा हिरवा नमुना जगाला दाखवला. वीज निर्माण करण्यासाठी त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. शाळांमध्ये प्रत्यक्ष गेलेल्या यंत्राला तो दांडा नव्हता. सॉफ्टवेअर मात्र खरोखर मुक्त होतं, लिनक्स या विंडोजसारख्याच पण मुक्त प्रणालीवर चालणारं शुगर. २००७ मध्ये ते लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यात, खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत आले. वीस-बावीस मुलं आणि एक गुरुजी. तिकडे पेरू देशाने साडेआठ लाखांवर लॅपटॉप वाटले, आणि ३१९ ग्रामीण शाळांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा सापडला नाही.

नेग्रोपॉन्टे यांच्या स्वप्नाला मी नावं ठेवत नाही. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचं यंत्र असावं, हे मलाही वाटतं. पण त्यांची भाषणं आजही सहज ऐकायला मिळतात आणि खैराटच्या गुरुजींचं भाषण मला कुठल्याच परिषदेत ऐकायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं. एकाच खोलीत चार इयत्ता बसलेल्या असताना वीस लॅपटॉप चार्ज कसे केले? मुलांनी मराठी कशी टाइप केली? एखादं यंत्र बंद पडलं की त्या मुलाला दिवसभर कशात गुंतवलं? पालक काय म्हणाले? हे प्रश्न आज धुळ्याच्या किंवा गडचिरोलीच्या शिक्षकाला पडतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात एका माणसाने त्यांना तोंड दिलेलं आहे. आपण त्याला व्यासपीठ दिलं असतं, तर आज आपल्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं नसतं.

केरळमध्ये गोष्ट वेगळी झाली. तिथं २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला; आता त्याचं नाव काइट आहे. सुरुवातीचा भर मालकी, म्हणजे एखाद्या कंपनीच्या बंद, सॉफ्टवेअरवर होता. शिक्षकांमधून त्याला विरोध झाला, काही काळ दोन्ही पर्याय राहिले, आणि पुढे दहावीची आयटीची परीक्षा फक्त लिनक्सवर होऊ लागली. शाळांसाठीची लिनक्सची आवृत्ती काइटमध्येच तयार होते आणि प्रशिक्षण देणारे मास्टर ट्रेनर वर्गातूनच आलेले शिक्षक असतात. २०१८ पासून लिटल काइट्स नावाचे मुलांचे गटही आहेत. वीस वर्षांहून जास्त काळ ही व्यवस्था टिकली, मंत्री बदलले, सरकारं बदलली, तरी टिकली. तेव्हा केरळहून कुणाला बोलवणार असाल तर माझी विनंती आहे, एखाद्या मास्टर ट्रेनरला बोलवा. नवीन आवृत्ती आल्यावर जुना प्रिंटर चालेना म्हणून शनिवारची सुट्टी त्यात घालवलेला माणूस. भाषेची अडचण होईल, होऊ द्या. दुभाषा शेजारी बसवू.

परदेशातलाच पाहुणा हवा असेल, तरीही कसोटी हीच लावता येते. मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची मुक्त प्रणाली आज आपल्या कितीतरी महाविद्यालयांत आहे. ती लिहिणारे मार्टिन डुगियामस पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत वाढले. त्यांचे धडे शॉर्टवेव्ह रेडिओवरून यायचे. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ते एका विकतच्या शिक्षणप्रणालीची देखभाल करत होते. तिच्यात हवे ते बदल करता येईनात, म्हणून त्यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. पहिली पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये आली. म्हणजे तेही मुळात चावी सांभाळणारेच.

बीजभाषक शिक्षकच असावा असा माझा हट्ट नाही. मराठी विकिपीडियावर २००३ पासून माणसं लिहिताहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीत आणि इतर भारतीय भाषांत बोलून ठेवलेत, ज्यांच्या आधाराने इंटरनेट नसलेल्या कक्षातही मुलं लिबरऑफिस हे पत्रं-तक्ते बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर शिकतात. त्यामागे आवाज देणारी, संहिता तपासणारी माणसं आहेत. लोहितसारखा फॉन्ट कुणीतरी वर्षानुवर्षं सांभाळला, म्हणून लिनक्सवर आपली जोडाक्षरं नीट दिसतात. ज्यांनी जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर उघडून पाहिलीय आणि 'विज्ञान व तंत्रज्ञान'च्या जागी चिन्हांची रांग पाहिलीय, त्यांना युनिकोड फॉन्टची, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरांची, किंमत सांगावी लागत नाही. यांपैकी कुणीही चालेल. फक्त त्याने काहीतरी सांभाळलेलं असावं.

भाषांतराचं काम मी स्वतः थोडं केलंय. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची विज्ञानाची सिम्युलेशन्स कुणालाही आपल्या भाषेत आणता येतात. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि दहावीला जाणाऱ्या तीन मुली विजेच्या परिपथाचे शब्द घेऊन बसलो. एका शब्दावर पाऊण तास गेला. पुस्तकात 'रोध' आहे. एकीचे वडील मोटार रिवाइंडिंग करतात, ते 'रेझिस्टन्स' म्हणतात. तिसरी म्हणाली, अडथळा म्हणू या, म्हणजे चौथीच्या पोरालाही कळेल. शेवटी 'रोध' ठेवला, कारण परीक्षेत तोच येतो. पण त्या पाऊण तासात रोध म्हणजे काय हे त्या तिघींना जेवढं कळलं, तेवढं माझ्या शिकवण्याने कधी कळलं नव्हतं. मग एकीने विचारलं, "मॅडम, आपण लिहिलेलं कोल्हापूरच्या पोरांनाही दिसणार?" दिसणार म्हटल्यावर तिने सगळे शब्द पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासले. शिक्षणात मुक्त तंत्रज्ञान कशासाठी, याचं माझ्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर ते तपासणं आहे.

तुमच्या अडचणी मला कळतात. मोठं नाव असलं की प्राचार्य येतात, पेपरवाले येतात, निधी मिळतो. प्रायोजक पैसे देतात आणि त्या बदल्यात सकाळचं पहिलं भाषण मागतात. पण तुम्ही ज्या विषयावर परिषद घेताय, त्या विषयात तरी हे चालू नये. बंद प्रणाली विकणाऱ्या संस्थेचा अधिकारी मुक्त तंत्रज्ञानाच्या परिषदेत पाऊण तास बोलतो आणि समोर बसलेल्या शिक्षकाला वाटतं की हेच ते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी जेवताना माझ्या शेजारच्या गुरुजींनी मला विचारलं, हे ओपन सोर्स वर्षाला कितीला पडतं? प्रायोजकाला स्टॉल द्या, आभाराच्या फलकावर नाव द्या. बीजभाषण विकू नका.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण बोलायलाच हवी. शिक्षकांना तुम्ही बोलवत नाही असं नाही. दुपारच्या जेवणानंतर 'यशोगाथा' नावाचं सत्र असतं. त्यात सहा शिक्षक, प्रत्येकी दहा मिनिटं. मीही त्यात एकदा बोलले आहे. यशोगाथा म्हटलं की यशच सांगावं लागतं. फुप्फुसांचा पाठ उघडत नाही, हे तिथं सांगता येत नाही. पालकसभेत या मुक्त साधनांबद्दल एका बापाने विचारलं होतं, "मॅडम, एमएस-सीआयटीला हेच असतं का? नसेल तर पोरीला हे कशाला शिकवता?" या प्रश्नाने माझी आठ दिवसांची झोप उडवली होती, तो प्रश्नही दहा मिनिटांत मावत नाही. बीजभाषणाला पूर्ण तास असतो, सगळी माणसं जागी असतात, आणि पुढची दोन दिवसांची चर्चा त्याच्यावरून ठरते. म्हणूनच तो तास मी मागते आहे. आणि तो खरोखर तासच असू द्या. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार आणि मनोगतं यांत दहाचे साडेअकरा होतात आणि बीजभाषकाला चिठ्ठी जाते, वीस मिनिटांत आवरा. सत्कार दुपारी घेता येतील.

यंदा हे आणखी निकडीचं झालंय. विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या मोफत सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळांमधल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ चढतच नाही. माझ्या कक्षात दहा संगणक आहेत, त्यातले सात असे. दोन जीबी मेमरीचे, पण धडधाकट. मी त्यांच्यावर लिनक्स घातलं, तीन महिने लागले, एकावर अजून आवाज येत नाही. हे काम आता हजारो शाळांपुढे आहे. यंत्रं भंगारात काढायची की वाचवायची, हा निर्णय शाळा याच एक-दोन वर्षांत घेणार. अशा वेळी भविष्यातल्या वर्गखोलीवरचं भाषण ऐकून शिक्षक परत गेला, तर त्याच्या हातात काय येईल? ज्याने पन्नास जुनी यंत्रं वाचवलीत त्याला बोलवा. त्याला मंचावरच एक यंत्र उघडून दाखवू द्या.

तर तुमच्या नमुन्याबद्दल. पद आणि संस्था राहू द्या, पण त्याखाली तीन रकाने वाढवा. कोणतं साधन सांभाळलं किंवा घडवलं. किती वर्षं. काय जमलं नाही. तिसरा रकाना ज्याने मोकळेपणाने भरलाय, तो अर्ज आधी वाचा. भाषण मराठीतून करायचं की इंग्रजीतून, हे बोलणाऱ्याला ठरवू द्या, आणि मराठीतून केलं तर ते कमी दर्जाचं मानलं जाणार नाही असं निमंत्रणपत्रातच लिहा. बायकांची नावं मुद्दाम शोधा. कितीतरी शाळांत कक्षाची चावी बाईंकडे असते आणि भाषणाला सर जातात. भाषणाचं चित्रण आणि स्लाइड्स मुक्त परवान्याने सगळ्यांना खुल्या करा, म्हणजे ज्याला येता आलं नाही त्यालाही त्या वापरता येतील.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला जसं बोलावता येतं, तसं शिक्षकाला येत नाही. शाळा सोडून जायला परवानगी लागते, आणि ती फोनवर मिळत नाही. समितीच्या शिक्क्याचं पत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत मुख्याध्यापकांना, निदान एक महिना आधी पाठवा. त्यात 'उपस्थितीचा कालावधी कर्तव्यकाळ म्हणून ग्राह्य धरण्यात यावा' हे वाक्य न विसरता घाला, नाहीतर त्या शिक्षकाच्या किरकोळ रजा जातात. प्रवासखर्च आधी द्या, बिलं नंतर मागा. तारखा फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षांमध्ये धरू नका.

तीन नावं माझ्या डोक्यात आहेत. त्यांना विचारल्याशिवाय ती इथं लिहिणं बरं नाही. नवा नमुना आला की त्यांच्याशी बोलून भरून पाठवते.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
परभणी जिल्हा